बेलबॉटम राहू द्या, पण १९७८ पुसू नका



गेल्या रविवारी जालन्यात आमच्या अभ्यासिकेच्या खोलीत आठ-दहा पोरंपोरी जमली होती. सगळी कॉलेजची. कुणी बी.ए.ला, कुणी पॉलिटेक्निकला, एकजण पदवी घेऊन पोलीस भरतीची तयारी करणारा. जयंतीसाठी त्यांना एक म्युझिक व्हिडिओ काढायचाय. गाणं स्वतः लिहिलंय, चाल बसवलीय, ढोलकी आणि कीबोर्ड वाजवणारेही त्यांच्यातलेच. मला बोलावलं होतं ते पैशांचा हिशोब आणि परवानग्यांसाठी. सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या बाईला अर्ज लिहिता येतात, एवढीच आपली ख्याती.

"ताई, लूक रेट्रो आहे," दिग्दर्शक होऊ घातलेला पोरगा म्हणाला आणि त्यानं वही पुढं केली.

पहिल्याच पानावर पहिली चौकट. काळा पडदा, त्यावर पिवळी जाड अक्षरं : साल १९७८, जिल्हा जालना, मराठवाड्यातलं एक कॉलेज. मग बेलबॉटम घातलेले तीन मित्र, मोठ्या कॉलरचे शर्ट, राजदूत गाडी, कँटीनमध्ये चहाचे ग्लास वाजवत गाणं. मध्येच एका मुलीची पुस्तकं पडतात. शेवटी सगळे कॉलेजच्या पायऱ्यांवर नाचतात. पडद्यावर जुन्या रिळासारख्या रेघा आणि ठिपके.

मी विचारलं, "१९७८च का रे?"

"भारी दिसतं ताई. सत्तरचं दशक. 'दुनियादारी'सारखं."

खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसलेल्या त्या दहाही जणांपैकी एकालाही त्या आकड्यानं काही झालं नाही. मी त्यांच्यावर चिडले नाही. त्यांना ते सांगायचं काम माझ्या पिढीचं होतं आणि आम्ही जयंत्यांमध्ये मोठमोठे साऊंड लावण्यात गुंग होतो. पण आता बोलायलाच हवं, आणि जरा रोखठोक बोलायला हवं.

२७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर लगोलग मराठवाडा पेटला. विरोध करायला आधी रस्त्यावर उतरले ते कोण होते? कॉलेजचेच विद्यार्थी. त्याच मोठ्या कॉलरचे शर्ट घातलेले. शहरातली आग खेड्यांत गेली आणि तिथं तिचं खरं रूप दिसलं. ज्या माणसांनी विद्यापीठाचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांची घरं विद्यापीठाच्या नावासाठी जाळली गेली. वस्त्यांवर बहिष्कार पडले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात ठार मारलं. ठराव कागदावर राहिला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, म्हणजे साडेपंधरा वर्षं, आणि तेव्हाही 'नामांतर' न होता 'नामविस्तार' झाला.

आणि त्याच साली, त्याच मराठवाड्यात, आपली पोरं कॉलेजच्या पायऱ्यांवर चहाचे ग्लास वाजवत नाचतायत!

(एक किरकोळ गोष्टही सांगून टाकते, कारण वहीत ती ठळक अक्षरात आहे. १९७८ साली 'जिल्हा जालना' नव्हताच. तो १ मे १९८१ला झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होतं.)

'दुनियादारी' मीही पाहिलाय. २०१३चा पिक्चर, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा. गाणी आवडली होती, खोटं कशाला बोलू. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला एक प्रश्न विचारू द्या. त्या दशकात १९७२ला दलित पँथर उभी राहिली. १९७२-७३चा दुष्काळ पडला, मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली. आणीबाणी आली आणि गेली. यातलं त्या सत्तरच्या दशकात काय दिसतं? कट्टा दिसतो, दोस्ती दिसते, प्रेमभंग दिसतो. ज्यांचं सत्तरचं दशक तसं गेलं त्यांनी तसं दाखवावं, माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांचा अल्बम आपण आपला म्हणून भिंतीवर टांगतो याची. रेट्रो म्हणजे शेवटी कुणाच्या तरी घरातला जुना अल्बम असतो. त्या काळात कॅमेरा ज्याच्या घरी होता, त्याच्या आठवणींना आज 'त्या काळचा लूक' म्हणतात. आपल्या वस्तीत १९७८ साली कॅमेरा कुणाकडे होता?

माझ्या घरातलं सांगते. आजीचं खेडं परतूरकडचं. थोरले चुलते तेव्हा औरंगाबादला नागसेनवनात होस्टेलवर राहून शिकत होते. बाबासाहेबांनी १९५०ला तिथं कॉलेज काढलं नसतं तर ते गुरंच राखत बसले असते, असं ते स्वतः म्हणतात. ७८च्या उन्हाळ्यात त्यांनी शिष्यवृत्तीच्या पैशांतून एक बेलबॉटम शिवली आणि स्टुडिओत जाऊन फोटो काढला. कमरेवर हात, केस कानावर, मागं रंगवलेला तळ्याचा पडदा. ऑगस्टमध्ये गावातली वस्ती जळाली. आजीनं लेकरं घेऊन नाल्याच्या कडेला रात्र काढली. घरात जे जळालं त्यात बाबासाहेबांची तसबीर होती, चुलत्यांची मॅट्रिकची सनद होती आणि माझ्या आजोबांचा आयुष्यातला एकुलता एक फोटो होता. आजोबा त्याआधीच वारले होते. ते कसे दिसायचे हे मला आता कुणी दाखवू शकत नाही. आजी म्हणायची, तुझ्या थोरल्या चुलत्यासारखेच. होस्टेलच्या पेटीत राहिला म्हणून तो बेलबॉटमचा फोटो वाचला. आमच्या घराण्याचा ऑगस्ट १९७८च्या आधीचा तेवढाच एक फोटो आहे.

म्हणून मी पोरांना सांगितलं की बेलबॉटम राहू द्या. ती आपलीही आहे. पँथरच्या पोरांचे जुने फोटो काढून बघा, तिथंही रुंद पायघोळ पँटी आहेत, लांब कल्ले आहेत, ऐट आहे. ज्यांच्या बापजाद्यांना धड कपडा घालण्याबद्दल मार पडायचा त्यांनी इस्त्रीची पँट घालून गावच्या चावडीपुढून जाणं ही साधी गोष्ट नव्हती. बाबासाहेबांच्या सुटाबुटाचा अर्थ ज्याला कळतो त्याला बेलबॉटमचाही कळायला पाहिजे. चुलते गावी जाताना ती पँट पिशवीत घेऊन जायचे आणि एसटीतून उतरायच्या आधी बदलायचे. कधी घालून उतरायचे आणि कधी काढून, हे त्या त्या वेळी गावात वारं कसं वाहतंय त्यावर ठरायचं. हा तुमच्या व्हिडिओचा शॉट आहे. पडलेली पुस्तकं उचलण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

तेव्हा दिग्दर्शक पोरगा म्हणाला, "म्हणजे ताई, आपण सदा रडगाणंच दाखवायचं का? जळालेली घरं, अत्याचार, मोर्चे. आम्हाला नाचायचा अधिकार नाही?"

खरं सांगते, हा प्रश्न मला बरोबर वाटतो आणि चळवळीतल्या ज्येष्ठांनी त्याचं उत्तर टाळलंय. आपलं दुःख विकत घेणारी गिऱ्हाइकं खूप आहेत. फेस्टिव्हलला चालतं, पेपरात छापून येतं, संस्थांच्या अहवालात फोटोसह जातं. (मी ते अहवाल लिहिते, मला माहीत आहे.) आपल्या आनंदाला मात्र गिऱ्हाईक नाही. म्हणून नाचायचा अधिकार आहे, शंभर टक्के आहे. प्रश्न एवढाच, की कशासाठी आणि कुठल्या दिवशी नाचताय. मी चुलत्यांना आयुष्यात एकदाच नाचताना पाहिलंय. मी पाच वर्षांची होते. १४ जानेवारी १९९४. एरवी भाषण केल्यासारखं बोलणारा तो मास्तर माणूस हलगीवर वेडावाकडा नाचत होता आणि आजी पदर तोंडाला लावून हसत होती. तुमच्या व्हिडिओत नाच तिथं टाका. ७८ला फोटो, ९४ला नाच. मधली वर्षं गाण्याच्या कडव्यांत बसतात.

आणि नाच व इतिहास एकत्र चालत नाहीत असं ज्याला वाटतं त्यानं २०२१चं 'एन्जॉय एन्जामी' बघावं. तमिळ कवी-रॅपर अरिवूनं ते आपल्या आजीच्या, वल्लीअम्माळच्या आठवणींवर उभं केलं. श्रीलंकेच्या मळ्यांत राबायला नेलेल्या भूमिहीन माणसांची गोष्ट आहे, आणि सगळ्या देशातली पोरं त्यावर नाचली. पुढचं पण माहीत असू द्या. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या निमित्तानं इतरांचे चेहरे आले आणि लिहिणारा अरिवू गायब होता. पा. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला तेव्हा चर्चा झाली. म्हणून माझी पहिली अट : व्हिडिओच्या शेवटी नावं पूर्ण आणि वाचता येतील इतकी मोठी. ढोलकीवाल्याचं, कपडे शिवणाऱ्याचं, ज्यांच्या अंगणात शूटिंग केलं त्या मावशीचं. आणि लिहिणाऱ्याचं सगळ्यात वर.

इथं खोलीत जरा शांतता पसरली. कारण गाणं लिहिणारी त्यांच्यातलीच एक मुलगी आहे, बी.ए. दुसऱ्या वर्षाची. चाल तिनं लावली, शब्द तिचे. आणि वहीत तिच्या वाट्याला काय आलं होतं? पुस्तकं पाडणं! तथागतांचं आणि बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या पोरांच्या डोक्यात नायिका म्हणजे काय हे कुठून आलं, ते शोधायला लांब जायला नको, त्याच पिक्चरांतून आलं. नामांतराच्या सत्याग्रहात बायका लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. त्यांच्या नातीला तुम्ही पुस्तकं पाडायला लावता? तिला माईक द्या. ती लाजत असेल तर थांबा, पण माईक तिच्याच हातात द्या.

दुसरी बाजू ऐकायलाही मला कमी नव्हतं. आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक, आपलेच, फोनवर म्हणाले, "जुन्या जखमा कशाला उकरता? आता सगळं निवळलंय. पोरांची करिअर आहेत." सर, तुमचा आदर ठेवून विचारते, निवळलंय हे कुणी ठरवायचं? ज्यांनी जाळलं त्यांना कधीच काही आठवत नाही आणि ज्यांचं जळालं त्यांनी आठवू नये असा सल्ला आपणच देतो. व्हिडिओत कुणा जातीचं नाव नाही, कुणा गावाचं नाव नाही, शिवी तर नाहीच. एक तारीख आहे. तारखेनं सलोखा मोडत असेल तर तो सलोखा किती कच्चा आहे!

आणि जयंती मंडळाच्या काही काकांचं म्हणणं वेगळंच. असल्या व्हिडिओंत पैसे घालणं थिल्लरपणा आहे म्हणे. काका, डीजेच्या एका रात्रीला मंडळ जेवढं मोजतं त्याच्या निम्म्यात हा व्हिडिओ होतोय, मी हिशोब मांडलाय. शिवाय गाण्याला थिल्लर म्हणण्याआधी भीमराव कर्डकांची आठवण ठेवा. १९३०च्या दशकात त्यांच्या जलशानं तमाशाचाच साचा घेतला, त्यातला चावटपणा काढून टाकला आणि त्यात मंदिर प्रवेश, शिक्षण, स्वाभिमान भरला. लोकांना ओळखीची चाल, आणि आत नवा माल. त्या काळचं ते 'रेट्रो'च म्हणा की. वामनदादा कर्डक, १९२२ साली सिन्नरजवळच्या देशवंडीत जन्मलेला आणि मोठेपणी अक्षरं शिकलेला माणूस, याच वाटेनं आयुष्यभर गावोगाव गात फिरला. त्यांचं गाणं ऐकून घरातली पोरं शाळेत घातलेली माणसं मला कामानिमित्त खेड्यापाड्यांत अजून भेटतात.

आता कामाचं. पोरांनी वहीत ७८ सालच्या वस्तीत टेपरेकॉर्डर दाखवलाय. खेड्यातल्या वस्तीत तेव्हा तो सहसा नसायचा. कॅसेट घरोघर गेली ती ऐंशीच्या दशकात. तोपर्यंत लग्नात, जयंतीत भोंगा आणि तबकडी. एम.ए.ला असताना पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' वाचलं होतं, उत्तर भारतावरचं. स्वस्त कॅसेटमुळे मोठ्या कंपन्यांच्या हातातलं गाणं गल्लीबोळातल्या माणसाच्या हातात कसं आलं ते त्यात आहे, आणि वाचताना मला सारखी आमच्या घरातली भीमगीतांच्या कॅसेटची पेटी आठवत होती. तेव्हा टेपरेकॉर्डर ९४च्या भागात घ्या, तिथं तो शोभतो आणि खराही आहे. पेन्सिल घालून सैल झालेली फीत गुंडाळणारा हात घ्या. रंगीत टीव्हीसारखी लहरणारी पट्टी ७८वर लावू नका, देशात रंगीत टीव्ही आला १९८२ला. ७८चा भाग स्थिर फोटोंसारखा कृष्णधवल ठेवा. आपल्याकडं त्या सालाचं तेवढंच आहे.

जालना स्टेशनवर शूटिंगचा हट्ट सोडा. एकतर रेल्वेची रीतसर परवानगी लागते, ती चार दिवसांत मिळत नाही. दुसरं, ७८ला ही लाईन मीटरगेज होती. आज फलाटावर बेलबॉटम घालून उभे राहाल आणि मागून २०२३च्या डिसेंबरात सुरू झालेली वंदे भारत येईल. त्यापेक्षा खडकपूर्णेच्या पुलाकडं चला. १९७९च्या नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघाला आणि खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी तो अडवून माणसांना अटक केली. जालन्याच्या उंबऱ्यापर्यंत आलेला मोर्चा होता तो. आपली पोरं त्या रस्त्यानं मोटरसायकलवर लग्नाला जातात आणि नदीचं नावही विचारत नाहीत. पहाटे सहाला तिथं ऊन कोवळं असतं, फिल्टर लावायची गरज पडणार नाही. रहदारी बघून उभे राहा, पुलाच्या मध्ये जाऊ नका, कडेनं घ्या.

कुणीतरी सुचवलं, मध्ये एका जुन्या प्रसिद्ध भीमगीताचा तुकडा तबकडीवरून टाकू. नाही. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं शब्दांवर वारसांचा हक्क असतो आणि ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं कंपनीचा. वामनदादा २००४ला गेले, म्हणजे त्यांचं लिहिलेलं २०६४ संपेपर्यंत कायद्यानं राखीव आहे. दोन्ही परवानग्या घेतल्या तरच वापरा. यूट्यूबवाले व्हिडिओ पाडतील ही भीती दुय्यम. आपल्या गायकांच्या गाण्यावर ज्यांनी फुकट धंदा केला त्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं नाही. तुमचं स्वतःचं गाणं चांगलं आहे, मी दोनदा ऐकलंय. दुसऱ्या कडव्यातला 'क्रांतीसूर्य' काढा फक्त. प्रत्येक गाण्यात तो एकदा उगवतोच.

तसंच ते हळूहळू चालणारे बाबासाहेब, मागं सिंहाची डरकाळी आणि निळा धूर, हेही नको. फोनवर रोज शंभर येतात आणि अंगठा थांबत नाही.

मंगळवारी पोरं पुन्हा आली. वहीचं पहिलं पान फाडलं होतं. नव्या पानावर काळा पडदा तसाच, अक्षरं मात्र पांढरी : २७ जुलै १९७८. जिल्ह्याचं नाव काढलंय. पहिला शॉट एसटीच्या मागच्या सीटवर पँट बदलणारा पोरगा, भाड्यानं घेतलेल्या जुन्या गाडीत. हिशोब एकूण साडेअठरा हजारांचा, पैकी अकरा हजार जमलेत. उरलेल्यांसाठी मी याच लेखाखाली पदर पसरतेय, ज्यांना जमेल त्यांनी मला फोन करा, पावती मिळेल. आणि तुमच्या घरात ७८ ते ९४ मधला एखादा फोटो असेल तर तो द्या. मूळ फोटो नको, दिवसाच्या उजेडात मोबाईलनं सरळ वरून काढलेला चालेल. मागं काही लिहिलेलं असेल तर त्याचाही काढा. कुणाचा आहे, कुठल्या सालचा, हे सोबत सांगा आणि घरच्यांची परवानगी घ्या.

चुलत्यांनी त्यांचा फोटो द्यायला आढेवेढे घेतले. मग पोरांनी शिवायला आणलेलं कापड हातात घेऊन बघितलं, शिंप्याचं माप वाचलं आणि म्हणाले, "अठरा इंच? ही काय बेलबॉटम झाली? खाली घेर चोवीसचा पाहिजे." फोटो आता पोरांकडे आहे, कापड परत शिंप्याकडे गेलंय.